पूर्ण विचारान्ती

जलविभागाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक स्वभावाने सावध होते. सामना बरोबरीत असला की ते हाताची घडी घालून उभे राहत. आपण काही केलंच नाही तर आपल्यामुळे काही बिघडणार नाही, हे त्यांचं धोरण. त्याच्या जोरावर नोकरी सुखरूप चालली होती.

टपालखात्याविरुद्धचा सामना संपत आला होता, गोल कुणाचाच नव्हता. तेवढ्यात एक गांधीलमाशी प्रशिक्षकांच्या कानाशी घोंगावू लागली. त्यांनी दोन्ही हात जोरजोरात फिरवले. सहायकाला वाटलं, खेळाडू बदलायचाय. बाकावर बूट घालून तयार असा राखीव खेळाडू एकटा ढिम्म्याच होता. तो मैदानात गेला, सुटलेली नाडी बांधायला वाकला, आणि कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याच्या पाठीवर आपटून थेट टपालखात्याच्या जाळ्यात गेला.

सत्कार झाला. संघाच्या अध्यक्षांनी ‘ऐन मोक्याला दाखवलेल्या दूरदृष्टी’चा गौरव केला. प्रशिक्षक प्रामाणिक होते. त्यांनी उभं राहून सांगितलं की ती गांधीलमाशी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका विनय हल्ली पाहायला मिळत नाही, असं लोक एकमेकांना म्हणाले.

मग ‘अटीतटीच्या प्रसंगी नेतृत्व’ या विषयावर व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. पहिल्या व्याख्यानात त्यांनी माशीचं सविस्तर वर्णन केलं, दुसऱ्यात ओझरतं, आणि पुढे माशी आपोआप गळाली. ढिम्म्याची पाठ आपण सरावातच हेरून ठेवली होती, असं त्यांना हळूहळू आठवायला लागलं. बायकोने बैठकीच्या पडद्यांचा रंग विचारला, तर त्यांनी आधी प्रतिस्पर्धी कोण आहे, याची चौकशी केली. तिने पडदे स्वतःच आणले.

अंतिम सामना अग्निशमन दलाशी होता, आणि पुन्हा बरोबरी. या खेपेला प्रशिक्षकांनी खरोखरच डोकं चालवलं. समोरचा उजवा बचावपटू दमून पाय ओढत होता. त्यांनी आपला सगळ्यात चपळ गडी नेमका त्याच्या अंगावर सोडला. सगळं ठरल्याबरहुकूम झालं. गड्याने बचावपटूला मागे टाकलं, गोलरक्षकाला आडवं पाडलं, आणि त्याने मारलेला चेंडू खांबावर आदळून परत आला. तोच चेंडू पळवत नेऊन अग्निशमनवाल्यांनी दुसऱ्या टोकाला गोल केला.

चौकशी समिती बसली.

“हा निर्णय तुम्ही पूर्ण विचारान्ती घेतलात?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो साहेब. नीट विचार करून.”

“अनवधानाने हात वगैरे हलला नाही?”

“नाही साहेब.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग माझाही नाइलाज आहे. चुकून घडलं असतं, तर पाठीशी घालता आलं असतं.”

प्रशिक्षक घरी गेले. काही दिवस घरातच बसून राहिले. बायकोने कंटाळून त्यांना सामना बघायला पिटाळलं, तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसले आणि चकित झाले. तिथून सगळं कसं लख्ख दिसत होतं. नव्या प्रशिक्षकाने खेळाडू बदलला आणि गोल झाला, तेव्हा त्यांनी “हेच करायला हवं होतं” म्हटलं; दुसऱ्यांदा बदलला आणि गोल हुकला, तेव्हा “मी म्हटलंच होतं”.

तिथे बसायला लागल्यापासून त्यांचा एकही निर्णय चुकलेला नाही. प्रेक्षकांच्या बाकावर दाटी फार होती. पण तुम्ही जरा सरकलात, म्हणून जागा झाली.