पाळीवरचा रंगीत करकोचा

भगवंतरावांनी तिपाईवरची नवी दुर्बीण घेतली, तेव्हा जुनी उदार मनाने मेहुण्याला, शेखरला, देऊन टाकली. तिच्यातून बगळा आणि बगळ्यामागची म्हैस सारखीच धूसर दिसते, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. नवीचं कौतुक मात्र भातकुली गावात घरोघर झालं होतं.

रविवारी शेखर अकोल्याहून पाहुणा आला. दोघे तलावाच्या पाळीवर आपापल्या दुर्बिणी रोवून बसले. शेखरची बहीण माणिकबाई चहा घेऊन आल्या, तोच शेखर ओरडला, "भाऊजी! पल्याडच्या काठावर रंगीत करकोचा! गुलाबी पंख पाहा त्याचे!"

भगवंतरावांनी नवी दुर्बीण तिकडे वळवली. करकोच्याला कॉलर होती. खिशावर कशिदाही होता. धोंड्याच्या महिन्यात शेखरने हौसेने दिलेला गुलाबी शर्ट त्यांच्याच ज्वारीतल्या बुजगावण्याच्या अंगात होता. पक्ष्यांवर कितीही जीव असला, तरी ज्वारीची गोष्ट वेगळी. "सणावारी घालतो," असं ते शेखरला आजवर सांगत आले होते.

"करकोचाच हाय," ते म्हणाले.

"मले नवीतून पाहू द्या ना!"

"तिले अजून परक्या डोयाची सवय नाही."

"काहून, नवरी हाय का?" म्हणत माणिकबाईंनीच डोळा लावला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग दुर्बिणीला झाकण घालून म्हणाल्या, "करकोचाच हाय. च्या घ्या, थंडा होऊन राहिला."

"पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकलं मी," शेखर म्हणाला. "उद्या आठ जण येऊन राहिले अकोल्याहून!"

घरी आल्यावर माणिकबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "दिवस बुडायच्या आत तो करकोचा घरी आना. धुवा, इस्तरी करा, आन् माह्या भावासमोर आंगात घाला."

सकाळी आठ जणांनी सगळा काठ पिंजून काढला.

"उडून गेला असन," शेखर हळहळला. तेवढ्यात त्याचं लक्ष भाऊजींकडे गेलं. शर्टाचा रंग विटलेला, कॉलर विरलेली, बाहीला भोक. भगवंतरावांनी मान खाली घातली.

शेखरचे डोळे भरून आले. "पाह्य बाई, किती वापरला भाऊजींनी! पार झिजवला!"

आठवड्याभरात अकोल्याहून तसलेच तीन शर्ट आले. आता माणिकबाई भगवंतरावांना त्यातला एक घातल्याशिवाय पाळीवर जाऊ देत नाहीत. एकही पक्षी जवळ फिरकत नाही. नवी दुर्बीण लांबचं फार छान दाखवते, एवढंच समाधान.