एक वाद्य, एक मत

"सुंदरराव हायत का घरी?" दारातून आवाज आला आणि सुंदररावांच्या हातातला चहा कपातच राहिला. गावच्या सेवा सोसायटीचे ते इतकी वर्षं चेअरमन होते, की शाळेतल्या पोरांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. उन्हाळ्यात निवडणूक झाली, सख्खा मेव्हणा राधाकिशन यानं पॅनल उभं केलं, ते निवडून आलं, आणि त्या दिवसापासून गाव त्यांना नुसतं नावानं हाक मारू लागलं. खुर्ची गेल्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते न विचारताही लोकांना सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. खुर्चीचं त्यांना खरंच फार काही नव्हतं, हाकेचं होतं. कुणी तरी पुन्हा 'चेअरमन' म्हणावं, यापलीकडे त्यांचं या जगाकडे मागणं उरलं नव्हतं.

आलेला माणूस बंकट गोंधळी होता. तो तालुक्याहून ताजी बातमी घेऊन आला होता.

"आपल्या करोडगिरी नाक्याचं काय तरी चाललंय," बंकट म्हणाला. "कचेरीत गेलतो तवा साहेब म्हनला, जुनी इमारत हाय, सरकार ताब्यात घेनार. पर गावानं संस्था करून आपल्याकडच्या गान्याबजावन्याचं म्युझियम केलं, तर गावाकडंच ऱ्हाईल."

नाका म्हणजे गावाच्या वेशीवरची दगडी इमारत. निजामाच्या राज्यात नगरच्या बाजूनं येणारा माल इथं अडवून त्यावर जकात घेत. राज्य गेलं, जकात गेली, भिंती तेवढ्या राहिल्या. पुढे तिथं सोसायटीचं खत पडू लागलं आणि यंदा, पावसानं पाठ फिरवल्यावर, चारा छावणीचा कडबा. पण सुंदररावांना बातमीतला एकच शब्द ऐकू आला होता.

"संस्था म्हनलास?"

"व्हय."

"म्हंजी तिला चेअरमन लागंल."

स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या विमलबाईंचा हात क्षणभर थांबला. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हा आवाज त्यांनी प्रत्येक निवडणुकीच्या आधी ऐकला होता.

सुंदरराव कामाला लागले. सहकारातल्या माणसाला देऊळ बांधायचं असलं तरी आधी भागभांडवल आठवतं. पण दुष्काळाच्या सालात लोकांकडे भागाचे पैसे मागणं म्हणजे मार खाण्याचं काम. तेव्हा त्यांनी डोकं लढवलं आणि पारावर लोक जमवून पोटनियम जाहीर केले. जो वाद्य देईल तो मेंबर. एक वाद्य, एक मत. वाद्य परत नेलं की मेंबरकी रद्द.

"वाद्य म्हंजी काय, ते बी सांगून ठिवा," बंकट म्हणाला. "न्हाई तर लोक काय बी आनतील."

"सोपं हाय की. ज्याच्या जोडीला आपल्याकडं गानं म्हनत्यात, ते वाद्य."

आपल्या या व्याख्येवर सुंदरराव इतके खूष झाले की घरी येऊन त्यांनी ती विमलबाईंना पुन्हा म्हणून दाखवली. विमलबाई "बरं" म्हणाल्या.

पहिले आठ दिवस झकास गेले. बंकटनं आजोबांचं संबळ आणून ठेवलं. सुग्रीव धनगरानं ढोल दिला. भजनी मंडळाकडून टाळ आणि पखवाज आले, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांनी हलग्या दिल्या. कडबा एका कोपऱ्यात सरला आणि नाक्याच्या कमानीखाली वाद्यांची रांग लागली. सगळी माणसं सुंदररावांची होती. ते रोज सकाळी जाऊन वाद्यं मोजत, म्हणजे खरं तर मतं मोजत.

नवव्या दिवशी राधाकिशन आला. त्याच्या मागे दोन बैलगाड्या होत्या आणि गाड्यांत जुन्या लोखंडी मोटा भरल्या होत्या.

"हे काय बे?" सुंदररावांनी विचारलं.

"वाद्यं."

"मोट वाद्य व्हय?"

"दाजी, नियम तुमचाच हाय. ज्याच्या जोडीला गानं म्हनत्यात ते वाद्य. मोटंवर गानी म्हनत नव्हते का? तुमचा बाप तर असा गायचा की बैल थांबून ऐकायचे."

गावातल्या विहिरी आटलेल्या, त्यामुळे मोटांचा तोटा नव्हता. एरवी कुठल्या तरी गोठ्यामागे गंजत पडलेल्या त्या मोटा दोन दिवसांत नाक्यात येऊन बसल्या आणि राधाकिशनचं बहुमत झालं.

त्या दिवशी सुंदरराव जेवले नाहीत. दुपारभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. एका कोपऱ्यात विमलबाईंचं जातं आडवं पडलं होतं आणि त्याच्या खुंट्याला शेळी बांधली होती. गावात पिठाची गिरणी आल्यापासून घरोघरच्या जात्यांची हीच गत होती. सुंदरराव थांबले. त्यांनी जात्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, जात्यावर बायका ओव्या म्हनत्यात का न्हाई?"

"म्हनायच्या."

"मग मेंबर कर समद्या बायकांना. उद्याच्या उद्या."

छावणीचा ट्रॅक्टर घेऊन त्यांनी सगळ्या आळ्यांतून जाती उचलली. राधाकिशननं हरकत घेतली, की एका घरचं एकच मत धरा, जातं बाईचं नसतं, घराचं असतं. त्यावर सुंदररावांनी भर पारावर ठणकावून सांगितलं, "ज्या बाईनं जातं सासरी आनलं, मेंबर ती बाई. घरधन्याचा त्यात काय संबंध न्हाई." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. असं वाक्य त्यांनी गावात पहिल्यांदाच ऐकलं होतं. बायकांची मतं म्हणजे आपलीच मतं, असा सुंदररावांचा हिशेब होता. बायकांना तसं कुणी विचारलं नव्हतं.

आता दोन्ही बाजू तोडीस तोड झाल्या. औरंगाबादहून म्युझियमच्या मॅडम कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होत्या. त्याच दिवशी सकाळी सभा घ्यायची, चेअरमन निवडायचा आणि मॅडमच्या गळ्यात हार घालायला त्यानं पुढं व्हायचं, असं ठरलं.

आणि मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बंकट आला.

"माजं संबळ द्या."

"कावून?"

"नवरात्र हाय. देवीचं संबळ कुलपात मुकं बसलं तर ती माज्या घरात नाचंल."

"आरं, मेंबरकी जाईल तुजी."

"जाऊ द्या. देवी ऱ्हाऊ द्या."

त्याला नाही कसं म्हणणार? त्याच्या मागोमाग भजनी मंडळ आलं. गावोगावच्या जागरांची निमंत्रणं होती आणि टाळ-पखवाजाशिवाय जागर व्हायचा कसा? सुग्रीवनं ढोल पाठीला बांधला. गावात चारा नव्हता, मेंढरं गोदाकाठी न्यायची होती आणि ढोल मागं ठेवून गेलं तर बिरोबाला काय सांगायचं, असा त्याचा प्रश्न होता. एरवी दिवाळी करून निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या यंदा दसऱ्यालाच निघाल्या. जाताना त्यांनी हलग्या नेल्या, कारण दिवसभर कोयता चालवल्यावर पाचटाच्या कोपीपुढं हलगी वाजली नाही तर माणूस हंगाम काढणार कशाच्या जोरावर?

सुंदररावांची अर्धी मतं कारखान्याला गेली. पण राधाकिशनचाही आनंद टिकला नाही. छावणीत जनावरं वाढली, पाणी पाजायला भांडी पुरेनात आणि टँकर आला की लोक सरळ नाक्यात शिरून आपापल्या मोटा उचलून नेऊ लागले.

"आरं, मत जाईल," राधाकिशन ओरडत होता.

"म्हशीला पाजू का मत?" एकानं विचारलं आणि मोट घेऊन तो गेला.

सभेच्या दिवशी सकाळी नाक्याचं कुलूप उघडलं, तेव्हा आत फक्त जाती होती. ती कुणी नेली नव्हती, कारण ती उचलण्याची ताकद नवऱ्यांत होती आणि नवरे कारखान्याला गेले होते. जे उरले होते, त्यांना जात्याचं काही काम नव्हतं. थोड्याच वेळात प्रत्येक जात्याजवळ त्याची मालकीण पदर खोचून येऊन बसली. सुंदररावांचं मन भरून आलं. मोटा गेल्या, मेव्हणा गेला, सगळी मतं आपली.

मॅडम जरा लवकरच पोचल्या होत्या. "तुमची सभा चालू द्या, मी बसते," म्हणाल्या आणि कडब्याच्या पेंडीवर बसल्या.

"चेअरमनपदासाठी नाव सुचवा," सुंदररावांनी घसा साफ केला. "लाजू नका. जे मनात आसंल ते नाव घ्या."

पुढच्या जात्याजवळ बसलेल्या चंद्रभागाबाई उठल्या. "विमलबाईचं नाव घेते मी."

"व्हय, विमलबाईच," मागून चार-पाच जणी म्हणाल्या.

सुंदररावांना वाटलं, बायको आता नको म्हणेल. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. विमलबाई जात्यावरची धूळ पदरानं पुसत होत्या.

"आगं, तू कधी बोलली न्हाईस, तुला चेअरमन व्हायचंय म्हनून."

"कुनी इचारलंच न्हवतं."

"मग मी उभा हाय इरोधात," सुंदरराव म्हणाले. हरलेल्या माणसाला हरायची भीती नसते.

"उभं ऱ्हा की," दारातून राधाकिशन म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता, कुणास ठाऊक. "पर दाजी, तुमचं वाद्य कोन्तं?"

सुंदररावांनी गावाला मेंबर केलं होतं, पण स्वतःच्या नावावर साधी टाळाची वाटीसुद्धा ठेवली नव्हती.

"आमच्या घरचं जातं हाय की हे," ते चाचरत म्हणाले.

"माज्या आईनं दिलेलं हाय," विमलबाई म्हणाल्या. "आन् घरधन्याचा त्यात काय संबंध न्हाई, आसं तुमीच पारावर म्हनलात."

मेंबरच नसलेला माणूस सभेत बसू शकत नाही, हाही नियम सुंदररावांनाच पाठ होता. ते गुपचूप उठले आणि दाराशी जाऊन मेव्हण्याशेजारी उभे राहिले. राधाकिशननं त्यांना थोडी जागा करून दिली.

निवड झाली. मॅडमच्या गळ्यात हार पडला. विमलबाईंनी तो घातला, पण जरा घाईत, कारण त्यांना दुसरंच काही सुचलं होतं. "वाद्य बघायला आलात ना? मग वाजवून दावतो," त्या म्हणाल्या आणि जात्यापाशी बसल्या. कुणी तरी सुपात जोंधळे आणून ठेवले. जातं कितीतरी वर्षांनी सुलटं झालं होतं आणि एकीला ओढवेना. बाकीच्या जणी आपापल्या जात्याशी झटत होत्या. विमलबाईंनी दाराकडे पाहिलं.

"मेंबर व्हायचंय का?"

"वाद्य न्हाई माज्याकडं," सुंदरराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच बारीक झाला होता.

"हात तर हायत. बसा समोर."

सुंदरराव धोतर सावरून बसले. खुंट्यावर दोघांचे हात पडले. जातं आधी करकरलं, मग घरघरू लागलं आणि विमलबाईंनी सूर धरला.

"गेली सोसायटी बाई, गेलं गं पुढारपन,
जात्याच्या खुट्याला, हात लावी चेअरमन."

सगळ्या नाक्यात हशा पिकला. मॅडम वाकून विचारू लागल्या, "पण चेअरमन तर तुम्ही ना?" त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती, पुढच्या जात्यावरून चंद्रभागाबाईंनी तीच ओळ उचलली होती आणि मग सगळ्या जणींनी. चेअरमन, चेअरमन, असं दगडी भिंतीतून घुमायला लागलं. सुंदररावांनी मान वर केली नाही. त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते खुंटा जोरजोरात फिरवू लागले.

"हळू," विमलबाई म्हणाल्या. "पीठ जाडं पडायलंय."