नाना सबनिसांची डावी कमान

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे नाव विचारतात, गाव विचारतात, विचारणारा धीट असला तर पगारही विचारतो. नाना सबनिसांनी मला वजन विचारले.

बदली होऊन मी नुकताच कलकत्त्याला आलो होतो. बालीगंजच्या त्या घरात खालच्या मजल्यावर नाना, वर मी. मी दारावर पाटी ठोकत होतो. पाटीवर नावापुढे बी. ए. लिहिले होते आणि ते नावापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत होते, हे मी लपवत नाही. माझे वडील बैलगाडीवर माल वाहत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मीच चढलो. नानांनी पाटी वाचली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "बी. ए., वजन किती तुमचं?"

मी एकशे पाच पौंड सांगितले. वार लावून जेवत शिकलेल्या माणसाच्या अंगावर याहून जास्त काय चढणार?

"उत्तम," नाना म्हणाले. "शनिवारी दुपारी मोकळे राहा."

तेव्हापासून नानांच्या मोटारीतली डावी जागा माझी झाली.

मोटार लढाईच्या आधीची. विलायती, दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीत पळवायला केलेली. नाना एका बँकेत बऱ्या हुद्द्यावर होते. त्यांचा गोरा साहेब सत्तेचाळीस साली मायदेशी गेला, तो जाताना ही मोटार नानांच्या गळ्यात बांधून गेला. इंजिन ठणठणीत होते. पण कमानी, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणारे पोलादी पाट्यांचे जुडगे, पार दबलेल्या, आणि एक तर मधोमध तडकलेली. कारखान्याने ते मॉडेल केव्हाच बंद केले होते. तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या कमानी शोधायच्या आणि हिला जुळवायच्या, हा नानांचा उद्योग होता. घरात दिवाणाखाली कमानी, कोठीत कमानी, देव्हाऱ्याच्या शेजारी ग्रीसचा डबा. बंगाली घरमालक मला जिन्यात गाठून हळूच विचारत, तुमच्या मुलखात सगळेच असे असतात का?

नाना वेडे नव्हते. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मणक्याचा क्षय झाला होता. खिडकीपाशी लाकडी फळीवर त्या उताण्या पडून असत. माहेर मालवणचे. त्यांना एकदा मोठे पाणी पाहायचे होते, आणि शहराच्या खाली बजबज गावाकडे नदी इतकी रुंद होते की पलीकडचा काठ नसल्यासारखाच. जायचे ते याच मोटारीतून. दुखणे येण्याआधी एकदाच त्या तिच्यात बसल्या होत्या आणि वाऱ्याने अंबाडा सुटला म्हणून घरी येईपर्यंत हसत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, "न्या एकदा. पण धक्का बसता कामा नये." एकदाच का, हे नानांनी विचारले नाही. एकदा टॅक्सी करून पाहिली होती. ट्रामच्या रुळांवर चाक चढले तेव्हा वहिनींनी रक्त येईपर्यंत ओठ चावला. टॅक्सी तिथूनच परत फिरवली.

मी स्पष्ट बोलणारा माणूस. म्हटले, नाना, तुम्ही शर्यतीच्या घोड्याची पालखी करायला निघालात. आमच्या बैलगाडीला कमान नसते. आजाऱ्याला न्यायचे असले की वडील खाली कडबा अंथरत.

"कडबाही अंथरू," नाना म्हणाले. "आधी कमान."

मग शनिवारी आमची वारी मलिकबाजारला. तिथे मोडक्या मोटारींचा प्रत्येक अवयव मिळतो. लष्कराने काढून टाकलेल्या जीपच्या कमानींचा ढीगच होता. मिस्त्री एक उचलून म्हणे, "बैठ जाएगा, बाबू." नाना खिशातून सुतळी काढून कमानीची लांबी बघत, पाट्याची रुंदी बघत, मधल्या भोकात बोट घालून बघत. सगळे बरोबर येई. तरी नाना कमान खाली ठेवत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "बसतं ते सगळं जुळत नाही, बी. ए." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, की ऑफिसात नवा साहेब आला तेव्हा माझ्याही तोंडून निघून गेले.

खरे म्हणजे नाना बरोबर होते. जीपची कमान भारी ओझ्यासाठी केलेली. एकशे पाच पौंडांना ती दाद कशाला देते? ती बसवली तेव्हा मी सीटवरून उडत होतो. मग एका लहान सलून गाडीच्या मऊ कमानी सापडल्या. त्या किंचित लांब निघाल्या, म्हणून नानांनी त्यांच्या टोकाच्या कड्या बदलून घेतल्या. तरीही डावी बाजू ताठच. मिस्त्रीने जुडग्यातला एक पाटा काढला. पुन्हा चाचणी. आणखी एक काढला.

चाचणी अशी: माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेले फुलपात्र. मी ते दोन्ही हातांनी धरायचे आणि नानांनी गाडी ट्रामच्या रुळांवरून न्यायची. पाणी सांडले की कमान नापास. माझ्या एकुलत्या एक बऱ्या पँटवर किती पाणी सांडले याला हिशेब नाही. परत आलो की खिडकीतून आवाज येई, "भावजी, आज किती सांडलं?" मी पँट दाखवायचो. वहिनी म्हणायच्या, "अगंबाई, बी. ए. झालेल्या माणसानं असं भिजून यावं?" त्यांना हसू येई, पण हसले की पाठीत कळ येई, म्हणून त्या डोळे मिटून घेत.

पावसाळा संपेतो सांडणे चमचाभरावर आले. मला वाटले, आता निघणार. तर नाना म्हणाले, "उद्यापासून तुम्ही नको, बी. ए. तुम्ही जड झालात."

मला राग आला. एवढी पँट भिजवून हे बक्षीस? बालीगंज स्टेशनवर पैसा टाकून वजन करायचे यंत्र होते. त्यातून पुठ्ठ्याचे तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी वजन केले. एकशे पाच. ना कमी, ना जास्त. भविष्यात, वरिष्ठांची मर्जी राहील असे होते. ते तिकीट मी नानांच्या पुढ्यात टाकले.

नानांनी दोन्ही बाजू वाचल्या. मग खिडकीपासून लांब, मोटारीपाशी मला घेऊन गेले.

"तुमचं आहे तेवढंच आहे," ते म्हणाले. "तिचं राहिलं नाही. चादर बदलताना मी रोज उचलतो तिला. मला काटा लागत नाही."

मग डाव्या जागेवर तांदळाचे पोते आले. त्यात खळगा करून फुलपात्र ठेवायचे, आणि मी रुळांपाशी उभा राहून बघायचे. अधूनमधून नाना पोत्यातले ओंजळभर तांदूळ काढून घेत.

थंडीत ते एकदाचे निघाले. सीटवर गादी, गादीखाली कडबा. नानांनी वहिनींना उचलून आणले. फुलपात्र त्यांनी स्वतःच मागून घेतले. कुशीला प्यायच्या पाण्याचा तांब्या ठेवला. गाडी गल्लीतून इतकी सावकाश गेली की शेजारचे कुत्रे बराच वेळ तिच्याबरोबर चालत होते.

दिवस मावळताना परत आले. नाना अंथरूण नीट करायला आत गेले. मी मोटारीपाशी. फुलपात्र काठोकाठ भरलेले होते.

"भावजी, थेंब नाही सांडला," वहिनी आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

अंगावरची शाल घसरली होती. नेसलेले पातळ मांडीपासून घोट्यापर्यंत ओले होते. तांब्या रिकामा होता. त्यातल्याच पाण्याने त्यांनी फुलपात्र परत भरून ठेवले होते. खालच्या ओठावर दातांची खूण होती.

"नदी पाहिलीत?" मी विचारले.

"पाहिली. पलीकडचं काही दिसत नव्हतं." आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जन्मभर स्पष्ट बोललेला मी वाकून शाल त्यांच्या पायांवर ओढू लागलो.

पुढच्या शनिवारी नाना दारात उभे. खांद्यावर तांदळाचे पोते, आता आणखी लहान झालेले. म्हणाले, चला मलिकबाजारला, डावीकडचा एक पाटा अजून काढायचा आहे.

"आता कशाला, नाना? थेंब नाही सांडला."

नानांनी माझ्या दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचली.

"तिचं पातळ मीच वाळत घातलं, बी. ए."