म्हात्रेकाकांचा दुसरा गार्ड

आमच्या खालच्या मजल्यावरचे म्हात्रेकाका जगाकडे मिलिमीटरमध्ये बघतात. तळोज्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. आता निवृत्त आहेत, पण शर्टाच्या ज्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे ते व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. काकूंनी भाकरी वाढली की आधी तिची जाडी मोजतात. "आज अर्धा मिलिमीटर जास्त हाय," असं सांगून शांतपणे खायला लागतात. काकू म्हणतात, "मोजू दे. मोजून झाल्यावर दोन खातात."

काही वर्षांपूर्वी, आम्ही करंजाड्यात नवे असताना, मी नेऱ्याच्या शाळेत शिकवायला जायचे. रोजच्या येण्याजाण्यासाठी मी मोटरसायकल घेतली. दोन महिने काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. जिन्यात भेटले की एवढंच म्हणायचे, "बाई, आमाला ही गाडी पसंत नाय."

त्या दिवसांत रस्त्यावर भरावाचे डंपर सारखे धावत. एकदा पुढच्या डंपरमधून खडी उडाली ती थेट माझ्या रेडिएटरवर. इंजिनाचं पाणी थंड करणारा हा भाग या गाडीत पुढच्या चाकामागे उघडाच असतो. तो थोडक्यात वाचला. मी घाबरून बाजारातून त्याच्यापुढे बसवायचा एक तयार जाळीचा गार्ड आणून लावला. तो गाडी सुरू झाली की खडखडायचा.

तिसऱ्या दिवशी काका बनियनवर खाली आले.

"ह्यो कोणी बसवला?"

"दुकानात बसवून दिला."

"दुकानवाल्यानं गाडी बघितली, की नुस्ता डबा उघडला?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी गार्ड काढून कठड्यावर ठेवला. त्यानंतरचे माझे चार रविवार पार्किंगमध्ये गेले.

पहिल्या रविवारी त्यांनी भाच्याच्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून रेडिएटरचा नमुना केला. वधूवरांची नावं मधोमध आली. दुसऱ्या रविवारी ॲल्युमिनियमची जाळी आणली आणि तिच्यामागे उदबत्ती धरून धूर भोकांतून कसा येतो ते बघत बसले. "वारा अडला तर हिला धाप लागंल," म्हणाले. तिसऱ्या रविवारी, पुढचं चाक वर दबलं तर मडगार्ड जाळीला लागेल का, हे बघायचं होतं. त्यासाठी माझं वजन त्यांना अपुरं वाटलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना पूजेवरून उठवून आणलं आणि सोवळ्यासकट गाडीवर बसवलं. "साहेब, जरा उड्या मारा," म्हणाले. सेक्रेटरींनी मारल्या.

चौथ्या रविवारी कडा कानशीने घासून झाल्या. "हात फिरवा. खरचटलं तर मी बसवणार नाय." खरचटलं नाही. रबरी वॉशर घालून चार बोल्ट त्यांनी दहा मिनिटांत आवळले. गाडी सुरू केली. गार्डचा आवाज नाही.

हत्यारं आवरताना मला पिशवीत आणखी एक गार्ड दिसला. अगदी तसाच.

"हा कोणाचा?"

"सुटा हाय," म्हणाले आणि पिशवी घेऊन वर गेले.

खरं काय ते काकूंनी सांगितलं. मुलगी, हर्षाली, पुण्यात नोकरी करते. तिनं न विचारता अगदी माझ्यासारखीच गाडी घेतली होती. काका म्हणाले होते, "ही गाडी दारात आणायची नाय." तिनं आणली नाही. स्वतःही आली नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. घाटात दगड सुटतात अशी बातमी आली की काका टीव्ही बंद करायचे.

संध्याकाळी मी काकूंकडून नंबर घेऊन हर्षालीला फोन केला. माझी ओळख सांगितली, मग गार्डचं सांगितलं. 

"बाबांनी सांगितलं फोन करायला?"

"नाही. पण त्यांनी दोन कापलेत."

"मग कुरिअरनं पाठवा म्हणावं."

मी खाली जाऊन निरोप दिला. काका भिंतीकडे बघत म्हणाले, "असं पाठवून चालत नाय. गाडी समोर लागते. तिला सांगा."

पुढच्या रविवारी सकाळी ती आली. गाडी थेट दारात उभी केली आणि हेल्मेट हातात घेऊन तिथंच थांबली. काका पिशवी घेऊन खाली आले. तिच्याकडे न बघता गाडीसमोर बसले, रेडिएटरवरून बोट फिरवलं, अडकलेला एक खडा नखानं काढून खिशात टाकला.

"घाटातनं आलीस?"

"हो."

"हळू आलीस ना?"

"हळू आले, बाबा."

"बस. पाना धर."

ती फरशीवर मांडी घालून बसली. मी वर निघून आले. अकरा वाजता गॅलरीतून पाहिलं तेव्हा पहिला बोल्ट चालला होता. एक वाजता काकू ताटं वाढून हाका मारत होत्या, तेव्हा काका चौथा बोल्ट आवळून झाला म्हणाले, जरा विचार केला, आणि चारही परत सोडवायला घेतले.