कोंडिबाचा काळा धवळ्या

कोंडिबा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने रामराम केला नाही. त्याने माझी हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं आणि माझ्या पापण्या निरखून पाहिल्या. मी नुकताच बैलगाडीतून उतरलो होतो. पारनेर तालुक्यातल्या त्या गावात मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो, आणि अंगावर नवा कोट होता. तपासणी झाल्यावर तो गाडीवानाला म्हणाला, "मास्तर लौकर पांढरं व्हत्याल." गाडीवानाने गंभीरपणे मान डोलावली. मला अजून पुरती मिशी आली नव्हती.

पुढे कळलं की हा त्याचा शिरस्ताच होता. माणूस असो, वासरू असो, नाहीतर शेळी, कोंडिबा आधी पापण्या पाहायचा, मग कानामागचे केस. पाटलांच्या नातवाच्या बारशाला त्याने पाळण्यात वाकून तान्ह्या पोराचीही परीक्षा केली आणि आजोळावर गेलंय, उतारवयापर्यंत काळंच राहील, असं भर बायकांत सांगून टाकलं. एकदा कुणाच्या तरी सोयरिकीच्या बैठकीत त्याने मुलीच्या बापाला पागोटं उतरवायला लावलं. तेव्हापासून सोयरिकीला त्याला कोणी बोलावत नसे. तो न बोलावता जायचा आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कल्ले पाहायचा.

या साऱ्याचं मूळ घोड्यात होतं. गावच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला पालखी निघते आणि पालखीपुढे देवाचं घोडं चालतं. त्यावर कोणी बसत नाही, नुसता लगाम धरून चालवायचं. घोडं पांढरंच हवं. ते सांभाळायचा आणि लगाम धरायचा मान कोंडिबाच्या घराकडे वाडवडिलांपासून होता. मी आलो त्या हिवाळ्यात जुनं घोडं म्हातारपणाने गेलं. गावाने वर्गणी जमवून कोंडिबाला मढीच्या यात्रेला धाडलं. पांढरं घोडं आणायला गेलेला कोंडिबा आला तो एक शिंगरू घेऊन. ते तव्याच्या बुडासारखं काळं होतं.

देवळाच्या पायऱ्यांवर पंच बसले. कोंडिबाचा चुलतभाऊ धोंडू सगळ्यांत आधी येऊन बसला होता, कारण कोंडिबाकडून मान सुटला तर तो धोंडूच्या घरी जाणार होता. पाटलांनी विचारलं, हे काय आणलंस? कोंडिबाने शांतपणे सांगितलं, "पांढरंच हाय, पाटील. तुमाला दिसत न्हाई."

मग त्याने सगळ्यांना समजावलं. पांढरं घोडं पांढरं जन्मत नाही. ते काळं, नाहीतर तांबडं जन्मतं आणि वर्षावर्षाने पांढरं होत जातं. बाजारात पांढरंफेक घोडं घेतलं तर ते आधीच अर्धं म्हातारं असणार, म्हणजे थोड्याच वर्षांत पुन्हा वर्गणी. या शिंगराची आई पांढरी आहे, तो स्वतः बघून आला आहे. आणि याच्या डोळ्यांभोवती आताच पांढऱ्या केसांचं कडं आहे. पंचांनी एकेक करून शिंगराच्या डोळ्यांभोवती निरखून पाहिलं. कुणाला कडं दिसलं, कुणाला नाही. शिंगराने धोंडूचं उपरणं चावलं. घोडं पांढरं होईतो दर चंपाषष्ठीला शेजारच्या गावाचं घोडं मागून आणायचं, असं ठरलं. कोंडिबाने त्याच बैठकीत शिंगराचं नाव ठेवलं, धवळ्या. गावातली पोरं त्याला कोळसा म्हणायची.

कुणी वाटेत अडवून विचारलं, काय कोंडिबा, झालं का पांढरं, की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "व्हतंय, व्हतंय. घाई काय हाय?" आणि मग त्याला सोडवणूक नसे. कोंडिबा त्याला गोठ्यात नेऊन धवळ्याच्या अंगावरचा नवा पांढरा केस दाखवी. मला त्याने असे किती केस दाखवले असतील, देव जाणे. केस उपटून घेतला तर तो रागावे. जन्माला आलेलं लेकरू उपटता का, म्हणे.

त्याचं सगळंच खरं निघे असं मात्र नाही. पाटलांच्या पांढऱ्या घोडीला तांबडं शिंगरू झालं, तेव्हा कोंडिबाने छातीवर हात मारून सांगितलं की आई पांढरी आहे म्हणजे हेही होणारच. पाटलांनी ते विकायचं थांबवलं. ते शिंगरू वाढलं, घोडं झालं, टांग्याला जुंपलं आणि शेवटपर्यंत तांबडंच राहिलं. पाटलांनी जाब विचारला तेव्हा कोंडिबा म्हणाला की ते बापावर गेलं, बाप तांबडा होता. आईचा रंग निम्म्या पोरांना मिळतो, निम्म्यांना मिळत नाही. कुणाला मिळायचा ते कुणाच्या हातात नसतं. हे आधी का नाही सांगितलंस, असं पाटलांनी विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही.

त्याचा एकुलता एक पोरगा मल्हारी. बापाला घोड्याचं वेड आणि पोराला बापाचं. लढाई चालू होती आणि नगरच्या कँपात भरती होत होती. मल्हारी एक दिवस जाऊन नाव घालून आला. तो निघाला तेव्हा वेशीपर्यंत आम्ही सगळे पोचवायला गेलो. आई, काशीबाई, पदर तोंडाला लावून उभी होती. कोंडिबा कडकच होता. तो पोराला म्हणाला, तू चाललास, मग देवाच्या घोड्याचा लगाम कोण धरणार? माझे गुडघे आता टेकडी चढत नाहीत. धवळ्या मागेमागे आला होता, अजून काळाच, फक्त नाकाडावर राख उडाल्यासारखी. मल्हारीने त्याच्या मानेवर थाप मारली. "ह्ये पांढरं व्हईस्तवर मी येतोच, आबा," तो म्हणाला. "लगाम मीच धरनार. दुसऱ्याला दिऊ नका."

तेव्हापासून कोंडिबाला घाई सुटली. तोंडाने तो घाई काय हाय म्हणायचा, पण घोड्याला दोनदोनदा खरारा करायचा, म्हणजे जुने काळे केस गळतील. कुणी सांगितलं म्हणून ताक पाजलं. कुणी सांगितलं म्हणून चांदण्यात बांधलं. धवळ्या आपल्या गतीने चालला होता. आधी तोंड उजळलं. मग अंग लोखंडाच्या रंगाचं झालं. मल्हारीची पत्रं मलायातून यायची, मी वाचून दाखवायचो आणि प्रत्येक पत्रात धवळ्या कुठवर आलाय अशी विचारणा असायची. कोंडिबा मला उत्तर लिहायला सांगे ते फक्त घोड्याच्या रंगाचं. घरच्या खुशालीचं मी माझ्या मनाने घालत असे.

मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि पत्रं थांबली.

त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला एक भलताच प्रकार झाला. शेजारच्या गावाचं घोडं ऐन वेळी लंगडायला लागलं. कोंडिबा तेव्हा गावात नव्हता. पोराची चौकशी करायला तो नगरला गेला होता. देवळाला सफेदी करून उरलेला चुना पडलेला होताच. धोंडूने युक्ती काढली, पंचांनी मान हलवली, आणि सकाळी सकाळी धवळ्याला कानापासून खुरापर्यंत चुना फासला. लांबून घोडं खरंच देखणं दिसत होतं. पालखी उठली, येळकोटाचा गजर झाला, लोकांनी मुठीमुठीने भंडारा उधळला. उन्हात आणि गर्दीत धवळ्याला घाम फुटला. आणि बघता बघता देवाचं घोडं लालभडक झालं.

हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. पंचांत बाई नव्हती. काही जण घाबरून जमिनीवर लोटांगण घालू लागले, काही पळाले. बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. नेमका त्याच वेळी कोंडिबा टेकडीच्या पायथ्याशी आला. त्याने लाल घोडं पाहिलं. लगाम धोंडूच्या हातातून काढून घेतला, घोडं ओढ्यावर नेलं आणि धुवायला लागला. चुन्याने कातडी पोळली होती. तो धूत होता आणि रडत होता. लोकांना वाटलं, घोड्यासाठी रडतोय. धोंडू तर पार ओशाळून, पोळलेल्या कातडीवर ओतायला ताकाची घागर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी काशीबाई शाळेत आली आणि दाराशीच उभी राहून तिने मला सांगितलं. कँपातल्या बाबूने सांगितलं होतं की पोरगा मेला असं म्हणता येत नाही, आणि जिता आहे असंही म्हणता येत नाही. एवढं ऐकून कोंडिबा परत आला होता. त्यानंतर गावाने त्याला घोड्याबद्दल विचारायचं सोडून दिलं.

लढाई संपली. तालुक्यातली पोरं एकेक करून परत यायला लागली. कोणी आल्याचं कळलं की कोंडिबा त्या गावाला चालत जाई. तिकडे कैदेत असलेला एक जण आला, पंचविशीचा असेल, पण डोकं पार पांढरं झालेलं. मीही बरोबर गेलो होतो. कोंडिबा त्याच्यासमोर बसून राहिला, पण त्याच्या पापण्या त्याने पाहिल्या नाहीत. त्या पोराला मल्हारीचं काही ठाऊक नव्हतं.

इकडे धवळ्या फार सुरेख दिसायला लागला होता. अंगावर रुपयाएवढी गोल गोल वर्तुळं उमटली होती, आणि तीही हळूहळू विरत चालली होती. माझे कल्लेही एव्हाना पिकले होते, तेव्हा कोंडिबाच्या विद्येवर माझा विश्वास बसला होता. पण आता तो गोठ्यात कुणाला नेत नसे. खरारा एकदाच, तोही हलक्या हाताने. मी एकदा सहज म्हटलं, कोंडिबा, झालं की तुझं घोडं पांढरं. तर तो माझ्यावर खेकसला. म्हणाला, शिकलेल्या माणसाला काळं-पांढरं कळू नये?

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी, चंपाषष्ठीच्या आधी, पंच पुन्हा पायऱ्यांवर बसले. पाटील खुशीत होते. औंदा परगावाचे पाय धरायचे नाहीत, आपलं घोडं आहे, असं त्यांनी सांगितलं. कोंडिबा उभा राहिला.

"अजून पुरतं पांढरं न्हाई झालं, पाटील."

काही जण हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पाटलांनी घोडं आणायला सांगितलं. धवळ्या येऊन उभा राहिला, वाळत घातलेल्या धोतरासारखा पांढरा. शेपूट पांढरी, आयाळ पांढरी. धोंडू म्हणाला, कोंडिबाला घोडं द्यायचं नसेल तर रीतीप्रमाणे मान आमच्याकडे यायला पाहिजे. पाटलांनी कोंडिबाला विचारलं, मान गेला तर चालेल का? कोंडिबा म्हणाला, गेला तर जाऊ दे, पण काळं ते काळं. त्याने खाली बसून धवळ्याचा पुढचा पाय उचलला. "गुडघ्याच्या मागं बगा. काळं हाय. तुमाला दिसत न्हाई."

पाटलांनी चष्मा लावला आणि वाकून तिथे बोट फिरवलं. मी शेजारीच होतो, म्हणून मला ते बोट दिसलं. त्याला काजळी लागली होती, तेलात कालवलेली. पाटलांनी बोटाकडे पाहिलं, मग कोंडिबाकडे. कोंडिबा घोड्याकडे पाहतच नव्हता. तो वेशीबाहेरच्या रस्त्याकडे पाहत होता. पाटलांनी मूठ मिटली.

"काळं हाय," ते म्हणाले. "लई न्हाई, पन हाय. शेजारच्या गावाला सांगावा धाडा."

धोंडूला हे पटेना. तोही खाली वाकला. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा त्याने अंगठा उपरण्याला पुसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. मल्हारी त्याचाही पुतण्याच होता. "व्हय, दादा," तो म्हणाला. "काळं हाय अजून."

मग एकेक जण वाकून पाहू लागला आणि काळं हाय म्हणू लागला. शेवटी कोंडिबाने मला बोलावलं. म्हणाला, मास्तर, तुमी शिकल्यालं, तुमी बगा. मी वाकलो. काळं आहे, असं मीही सांगितलं. कोंडिबाचा चेहरा मोकळा झाला. त्याने धवळ्याचा पाय खाली ठेवला आणि मानेवर थाप मारली.

"व्हतंय, व्हतंय," तो धवळ्याला म्हणाला. "घाई काय हाय?"

त्याही वर्षी पालखीपुढे परगावचं घोडं चाललं. धवळ्याला कोंडिबाने धुऊन-पुसून, पाठीवर झूल टाकून वेशीशी उभं केलं होतं. लगाम घातला होता, पण तो कोणी धरला नव्हता.