चांगुणाबाईंच्या डोळ्यांची सरसनिरस वाटणी

देवळाली प्रवरातल्या चांगुणाबाईंच्या दोन मुलांनी पाच वर्षांपूर्वी सामंजस्याने वाटणी केली. ऊस, गोठा, ट्रॅक्टर आणि आई या सर्व बाबी सरसनिरस वाटून झाल्या. अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, त्याच धर्तीवर आईच्याही ठरल्या. पंधरा दिवस थोरल्या वाल्मिककडे, पंधरा दिवस धाकट्या ज्ञानेश्वरकडे. भांडण नाही की तंटा नाही. गाव या घराचं उदाहरण देत असे.

अशा सुरळीत व्यवस्थेत चांगुणाबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तो कोणाच्या पाळीत झाला यावर थोडी चर्चा झाली, पण दोघांनी मोठ्या मनाने विषय सोडून दिला आणि आईला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक राजनंदिनी मॅडमनी लेन्सचा तक्ता पुढे ठेवला. साधी लेन्स एक तर लांबचं नीट दाखवते नाही तर जवळचं. महागडी दोन्ही दाखवते. मग त्यांनी चांगुणाबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला काय बघायचंय?"

"आमी सांगतो," वाल्मिक म्हणाला.

चांगुणाबाईंना बोलू दिलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, की भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची नातवंडं एकदा एकत्र खेळताना बघायचीत. तक्त्यात तसा पर्याय नव्हता.

महागडी लेन्स दोघांनाही नामंजूर होती. खर्च आपण करायचा आणि आईने दुसऱ्याच्या घरात बघत बसायचं, हा कुठला न्याय? वाल्मिकला लांबचं हवं होतं, कारण आई ओट्यावर बसून फाटकाकडे आणि उसाकडे लक्ष ठेवते. ज्ञानेश्वरला जवळचं हवं होतं, कारण त्याची बायको माधुरी पतसंस्थेत नोकरीला आणि तांदूळ-मेथी निवडायचं खातं आईकडे. शेवटी एक घाव दोन तुकडे केले. उजवा डोळा वाल्मिकचा, लांबचा. डावा ज्ञानेश्वरचा, जवळचा. अशी पद्धत वैद्यकशास्त्रातही आहे असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा दोघांना स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं.

महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उत्तम झाली. घोडं पेंड खायला लागलं ते नंतर. थोरल्याच्या घरी सासूबाई डाळ निवडताना माधुरीला दिसल्या, म्हणजे आपल्या डोळ्याचा परस्पर वापर झाला. उलट वाल्मिकचा सवाल असा, की धाकट्याची लिंबाची बाग आई राखते ती कोणाच्या डोळ्याने? प्रकरण चिघळू नये म्हणून स्टँपपेपरवर करारनामा झाला. ज्याची पाळी, त्याचा डोळा उघडा. दुसऱ्याच्या डोळ्यावर पट्टी. काळा चष्मा सामाईक. औषधाचे थेंब ज्याने त्याने फक्त आपल्या डोळ्यात घालावेत. दोन साक्षीदारांनी सह्या केल्या आणि सर्वांनी चहा घेतला.

वाल्मिकची पाळी सुरू झाली. तो उजव्या डोळ्यात घड्याळ लावून थेंब घाली. डावा डोळा लाल झाला, मग सुजला. चांगुणाबाईंनी तसं सांगितलं, तर तो डोळा आपल्या हद्दीत येत नाही असं वाल्मिकने समजावलं. ज्ञानेश्वर भिंतीपलीकडे होता, पण पाळी नसताना यायचं कसं? म्हातारी तीन दिवस कण्हत होती आणि हाकेच्या अंतरावर दोन कर्ते मुलगे होते. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण करारात तसं कलम नव्हतं.

चौथ्या दिवशी शेजारणीने म्हातारीला गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. मागोमाग दोघे आले, करारनाम्याची प्रत घेऊन. डॉक्टरांनी प्रत न वाचताच दोघांना झाडलं आणि चांगुणाबाईंना आठ दिवस ठेवून घेतलं. डोळा जाता जाता वाचला. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर उभं केलं आणि कोण दिसतंय ते विचारलं.

चांगुणाबाईंनी आधी थोरल्याला, मग धाकट्याला नीट न्याहाळलं.

"दोघं बी दिसत्यात. लई स्वच्छ दिसत्यात," त्या म्हणाल्या. "धूसर हुतं तवाच बरं हुतं, डॉक्टरसायेब. तवा दोघं बी माझेच वाटायचे."

डॉक्टरांनी केसपेपरवर 'दृष्टी समाधानकारक' असं लिहिलं.

ही हकीकत बाहेरच्या बाकांवर पोचली तेव्हा सगळे हळहळले. काय ही पोरं, कसला हा काळ. एका बाईंनी तर पदराने डोळे टिपले. तेवढ्यात राजनंदिनी मॅडम नवे कागद घेऊन आल्या. असे प्रसंग पुन्हा उद्भवू नयेत म्हणून व्यवस्थापनाने 'मातृनेत्र सामाईक वापर अर्ज' तयार केला होता. वाटणी झालेल्या कुटुंबांसाठी थेंबांच्या पाळ्या नोंदवायची त्यात सोय होती. कोणाला हवाय, असं त्यांनी विचारलं.

हळहळणाऱ्यांनी रांग लावली. डोळे टिपणाऱ्या बाई तिसऱ्या होत्या. अर्ध्या तासात छापील अर्ज संपले.

वाचकांपैकी कोणाला हवा असल्यास झेरॉक्स चालते. भावंडांची संख्या लिहावी लागते. आईची सही लागत नाही.