डालग्याखालचं कासव

मुलांनो, एका जंगलाला समुद्र होता. म्हणजे जंगल डोंगरावरून उतरत उतरत खाली यायचं आणि पुढे पाणीच लागलं म्हणून थांबायचं. मध्ये पांढऱ्या वाळूची लांबलचक पुळण होती. तिच्या एका टोकाला खडक होते, दुसऱ्या टोकाला खाडी. ठिकाण इतकं सुंदर होतं, की तिथे राहणाऱ्या कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

त्या पुळणीवर दर हिवाळ्यात तारामती नावाची कासवीण अंडी घालायला यायची. सगळे तिला ताराक्का म्हणत. ती पहाटे यायची, वाळूत खड्डा करायची, अंडी घालायची, खड्डा बुजवायची आणि कुणाशी काही न बोलता परत जायची.

ती गेली की भिकाजी मुंगूस यायचा, खड्डा उकरायचा आणि अंडी खायचा.

उगाच तोंडं वाकडी करू नका. तुमच्यातल्या किती जणांनी आज सकाळी ऑम्लेट खाल्लं, मला माहीत आहे. शिवाय भिकाजी काही सगळीच अंडी खात नसे. पोट भरलं की थांबायचा. उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघायची आणि समुद्राकडे धावायची. वाटेत काही कावळे उचलायचे. असं सगळ्यांचं बरं चाललं होतं.

एके वर्षी घाटावरून दत्ताजीराव अस्वल आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई सुट्टीला म्हणून खाली आले. त्या जंगलात सुट्टीला आलेले हे पहिलेच. भिकाजी तेव्हा पुळणीवर मिशा पुसत बसला होता.

"इथं बघण्यासारखं काय आहे?" दत्ताजीरावांनी विचारलं.

"समुद्र आहे," भिकाजी म्हणाला.

"तो येताना बघितला. आणखी काय?"

"संध्याकाळी सूर्य बुडतो."

"तो आमच्याकडेही बुडतो."

भिकाजी विचारात पडला. आपल्या गावात बघण्यासारखं काही नाही, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं आणि वाईट वाटलं. मग तो म्हणाला, "एक कासवीण येते. पहाटे उठाल का?"

दुसऱ्या दिवशी केवड्याच्या बनाआड लपून त्याने त्यांना ताराक्का दाखवली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. समुद्रातल्या कासवांच्या डोळ्यांतून खारं पाणी गळतंच. नाकातून शेंबूड यावा तसं ते. पण प्रमिलाबाईंनी दत्ताजीरावांचा हात धरला.

"रडतेय हो ती. आईचं काळीज."

"हो ना," भिकाजी म्हणाला. तो पडला व्यवहारी.

जाताना अस्वलांनी खूश होऊन त्याला मधाचं एक अख्खं पोळं दिलं. भिकाजीने आयुष्यात मध चाखला नव्हता. त्याने पोळं संपवलं, बोटं चाटली आणि त्या बुजवलेल्या खड्ड्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी त्याने तो उकरला नाही. मुलांनो, निसर्गाचं महत्त्व कुणाला कधी पटेल, सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी भिकाजीचा 'कासवमित्र भिकाजी' झाला होता. त्याने झावळ्यांच्या खोल्या बांधल्या. 'घरगुती राहण्याची सोय, ताजे मासे मिळतील, कासव नक्की दिसेल' अशी पाटी लावली. अस्वलांनी घाटावर सगळ्यांना सांगितलंच होतं. नाताळची सुट्टी लागली आणि गवे, सांबरं, रानडुकरं, माकडं असा लोंढाच्या लोंढा खाली उतरला. सकाळी धबधबा, दुपारी किल्ला, पहाटे कासव असा त्यांचा बेत होता. धबधब्याला पाणी नव्हतं आणि किल्ल्याला भिंती उरल्या नव्हत्या, त्यामुळे सगळी मदार कासवावर होती.

ताराक्का पहाटे आली. लाटेतून तिने डोकं वर काढलं. पुळणीवर माकडांच्या अंताक्षऱ्या चालल्या होत्या. कुणीतरी "आली, आली" म्हणालं आणि सगळा घोळका पाण्यापर्यंत धावत आला. ताराक्काने डोकं आत घेतलं.

दुसऱ्या पहाटे ती खाडीच्या बाजूने आली. तिथे गर्दी थोडी कमी होती. तिने खड्डा करायला घेतला. तो निम्मा होतोय तोवर प्रमिलाबाई तिच्या पाठीवर येऊन बसल्या. त्या वर्षी जंगलात मोबाइल नुकतेच आले होते.

"अगं, जरा सांभाळून," दत्ताजीराव म्हणाले.

ताराक्काला वाटलं, या गृहस्थाला तरी दया आहे.

"तू हललीस की फोटो हलतो," दत्ताजीराव म्हणाले.

ताराक्का कशीबशी त्यांच्याखालून सुटली आणि समुद्रात गेली. आता मात्र तिची पंचाईत झाली. पोट जड झालं होतं. अंडी काही कायमची पोटात ठेवता येत नाहीत. शेजारच्या किनाऱ्यावर नुसते खडक होते. ती स्वतः याच वाळूत जन्मली होती आणि दुसरी वाळू तिला ठाऊक नव्हती. शेवटी तिने खाडीच्या तोंडाशी भिकाजीला गाठलं.

"भिकाजी, ही मंडळी इथून हलव. माझ्याच्यानं आता फार दिवस निघायचे नाहीत."

"आक्का, कसं हलवू? सीझन आहे. बिचारे लांबून आलेत."

"मीही लांबूनच येते."

"ते खरं हो. पण तुम्ही कधी येता, कधी जाता, काही पत्ता लागत नाही. पाहुणे थंडीत ताटकळतात. त्यापेक्षा असं करा, नाश्ता झाल्यावर येत चला. दहाच्या सुमाराला. ऊन छान असतं, फोटोही चांगले येतात."

ताराक्काने पाण्याकडे तोंड वळवलं.

"तू माझी अंडी खायचास तेव्हाच बरा होतास," ती म्हणाली. "तेव्हा निदान थोडी उरायची."

आणि ती पाण्यात गेली. नंतर कितीतरी पहाटा आलीच नाही.

पाहुणे चिडले. एका गव्याने, पाटीवर 'नक्की' असं लिहिलंय ते कशासाठी, अशी विचारणा केली. गवा विचारणा करतो तेव्हा ऐकणारा घाबरतो. भिकाजी थेट रानात वासुदेव खवल्याकडे गेला.

वासुदेव हे एक खवल्या मांजर होतं. अंगभर खवले, पण स्वभाव इतका भिडस्त, की कुणी नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारलं तरी अंगाचं गाठोडं करून बसायचा.

"वासुदेवा, कासव होशील का?" भिकाजीने विचारलं.

"मला जमेल?"

"न जमायला काय झालं? हळू चालायचं, खड्डा करायचा आणि रडायचं."

"रडणं जमेल," वासुदेव म्हणाला.

भिकाजीकडे कोंबड्या झाकायचं एक डालगं होतं. ते त्याच्याकडे कसं आलं आणि त्याखालच्या कोंबड्यांचं काय झालं, हे आपण विचारायचं नाही. त्याने डालग्याला चिखल लिंपला आणि ते वासुदेवाच्या पाठीवर उपडं बांधलं. उंडीची गोल फळं शिंपल्यांच्या चुन्यात बुडवून पांढरी केली. ती झाली अंडी. नाकाशी धरायला एक चिरलेला कांदा दिला. आणि पुळणीच्या मधोमध दोरी बांधून दुसरी पाटी लावली : 'कासव दर्शन, सकाळी दहा आणि दुपारी चार'.

खेळ जोरात चालला. पहिल्या दिवशी एका सांबराने, कासवाला एवढी लांब शेपटी असते का, असं विचारलं. "ही खास आमच्या किनाऱ्यावरची जात आहे," भिकाजी म्हणाला. सांबराने शेपटीचे वेगळे फोटो काढले.

वासुदेवही हळूहळू खुलला. गाठोडं करणं त्याने सोडून दिलं. रडता रडता मध्येच मान वळवून तो पुढच्या रांगेतल्या बायकांकडे बघायचा आणि मग त्याही रडायच्या. काही दिवसांनी त्याला साध्या मुंग्या चालेनाशा झाल्या. खेळाआधी ताजी वाळवी लागायची. जंगलातले सगळे पाहुणे त्या दोरीभोवती दाटीवाटीने उभे राहू लागले.

एके दिवशी सकाळचा खेळ रंगात आला असताना ताराक्का आली. तिची सहनशक्ती संपली होती. कोण बघेल, कोण पाठीवर बसेल, तिला आता कशाचीच पर्वा नव्हती. ती सरळ लाटेतून बाहेर पडली आणि गर्दीच्या मागे येऊन थांबली. पुढे जायला जागाच नव्हती.

"ओ बाई, रांगेत या," एक रानडुक्कर म्हणालं.

दत्ताजीरावांनी वळून पाहिलं. ते कासव या विषयातले जाणकार समजले जात. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कासवच दिसतंय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं."

"छे. पाठीला शेवाळ बघ केवढं. आणि रडत तरी आहे का? ते बघ, तिकडे कशी धार लागलीय."

पण कुजबुज सुरू झाली. पाहुणे एकदा ताराक्काकडे बघत, एकदा डालग्याकडे. तो गवा पुढे आला.

"भिकाजी," तो म्हणाला, "यातलं खरं कुठलं?"

भिकाजीच्या मिशा गळाल्या. तिकडे वासुदेव सवयीने गाठोडं होऊ लागला आणि डालगं थरथरायला लागलं. ताराक्का एक शब्द बोलली असती, तर डालगं उचललं गेलं असतं, भिकाजीच्या खोल्या गव्याच्या पायांखाली गेल्या असत्या आणि वासुदेवाचं काय झालं असतं ते मी तुम्हाला जेवणाआधी सांगणार नाही.

ताराक्काने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला गर्दीच्या पलीकडे दिसलं. दोरीपासून खाडीपर्यंत अख्खी पुळण रिकामी पडली होती. वाळूवर पावलाचा एक ठसा नव्हता. सगळं जंगल डालग्याकडे तोंड करून इथे उभं होतं.

तिने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"खरं ते," तिने पंख्यासारख्या पायाने डालग्याकडे बोट केलं. "मी यांचं काम बघायला आले होते. मला काही असं रडायला येत नाही."

"वाटलंच," दत्ताजीराव म्हणाले.

टाळ्या पडल्या. वासुदेवाने धीर धरून आणखी चार अंडी घातली. भिकाजीला लाज वाटली असावी, पण त्याला सवय नसल्याने ती नीट ओळखू आली नाही.

ताराक्का हळूहळू खाडीच्या टोकाला गेली. भर उन्हात तिने खड्डा केला आणि एवढे दिवस सांभाळलेली सगळी अंडी एकदाची घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते नेहमीचंच होतं की त्या दिवशी वेगळं, हे बघायला तिथे कुणी नव्हतं. खड्डा बुजवून ती परत गेली.

त्या खड्ड्याकडे भिकाजी फिरकला नाही. मध खाऊन खाऊन तो इतका सुटला होता, की खाडीपर्यंत चालणं त्याला शक्यच नव्हतं.

होळीच्या सुट्टीत अस्वलं पुन्हा आली. सकाळी ती दोघं लगबगीने खेळाला निघाली असताना प्रमिलाबाई थबकल्या.

"अहो, तिकडे खाडीपाशी बघा, काहीतरी इवलं इवलं पाण्याकडे चाललंय. कितीतरी आहेत. कासवाची पिल्लं तर नव्हेत?"

"खेकडे असतील," दत्ताजीराव न बघता म्हणाले. "चल लवकर, पुढची जागा मिळायची नाही."

अस्वलं गेली. कावळेही तिथे नव्हते, पाहुण्यांचं सांडलेलं खायला तेही खेळाच्या ठिकाणी गेले होते. पिल्लं वाळूवरून आपली आपली चालत राहिली आणि एकेक करत सगळी पाण्यात शिरली.

तात्पर्य : खऱ्याचा जीव वाचवायचा असेल, तर खोट्याची जाहिरात मन लावून करावी.